टायटलवरचं निळं धुकं

१

पडद्यावर यायचा होता हेर. आलं ते निळं धुकं.

फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेच्या तळघरात एक छोटी प्रोजेक्शनची खोली होती. बुधवारी सकाळी साडेदहा वाजता तिथे पाच माणसं श्वास रोखून बसली होती. नव्या हेरपटाची टायटल्स सात आठवडे खपून तयार झाली होती आणि आज ती पहिल्यांदा दिसणार होती. पाण्यात पसरलेली काळी शाई हळूहळू गोळा होत जाणार, तिचा शहराचा नकाशा बनणार, नकाशातल्या गल्ल्यांतून एका माणसाची सावली चालू लागणार आणि तिच्या पावलागणिक एकेक नाव उमटणार, असा सगळा बेत होता. प्रत्यक्षात पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत नुसता भगभगीत निळा रंग. त्यात शाई बुडाली होती, सावली असून नसल्यासारखी होती आणि नावं तर कोणाच्या बापाला वाचता आली नसती.

पहिल्यांदा बोलले ते मास्तर. ही टायटल्स त्यांची. हेरपटांची टायटल्स करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"दिवा जरा वाढव रे," ते प्रोजेक्टरवाल्याला म्हणाले. "अंधुक दिसतंय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात तर एकमेकांचे चेहरे निळे पडले होते. म्हाताऱ्याला धक्का बसलाय, असं समजून कोणी काही बोललं नाही. शेवटच्या रांगेतल्या केमिस्ट मुलीनेही नाही. तिला प्रयोगशाळेत सगळे मोजपट्टी म्हणत, कारण चहात साखर किती घालू, असं विचारलं तरी ती आधी कप केवढा आहे ते बघायची.

मास्तरांची रीत जुनी होती. पाणी, शाई, नकाशा, सावली आणि नावं अशा पाच फेऱ्या एकाच निगेटिव्हवर, एकावर एक टिपायच्या. एक फेरी झाली की डार्करूममध्ये फिल्म हाताने परत गुंडाळायची आणि पुन्हा कॅमेऱ्यात भरायची. पाचवी फेरी संपेपर्यंत फिल्म धुवायची नाही. म्हणजे सात आठवड्यांची मेहनत एका डब्यात, न दिसणारी, आणि तिची दुसरी प्रत नाही. चित्रपट लागायला उरले होते नऊ दिवस.

निर्मात्याचा व्यवस्थापक उभा राहिला. शुक्रवारी बारा वाजेपर्यंत प्रयोगशाळेचा अहवाल हवा, त्यात हे कोणी केलं त्याचं नाव हवं आणि ते नाव संघटनेच्या यादीतून कायमचं जाईल, असं त्याने शांतपणे सांगितलं. संघटनेचं कार्ड गेलं की कुठल्याही स्टुडिओत पाऊल टाकता येत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

मग त्याने फेऱ्यांचा तक्ता उलगडला. फिल्म गुंडाळणाऱ्याने तक्त्यावर आपली खूण करायची असा नियम होता. मास्तरांचं वर्तुळ, त्यांच्या सुनेची फुली. शेवटच्या गुंडाळणीपुढे फुली होती.

मास्तरांच्या शेजारी बसलेल्या सूनबाईने मान वर केली नाही.

२

शोध लावायचं काम मोजपट्टीच्या गळ्यात पडलं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सरळ कानावर हात ठेवले होते. आमच्या धुण्यात दोष नाही एवढं सिद्ध कर आणि मोकळी हो, असं त्यांनी तिला बजावलं. ते तिने तासाभरात सिद्ध केलं. त्याच द्रावणात त्याच दिवशी धुतलेली बाकीची रिळं स्वच्छ होती. पण मोकळी होणं तिला जमेना.

आधी ती दिग्दर्शकाकडे गेली. टायटल्सवर त्याचा राग जगजाहीर होता. लोक त्या वेळात खाऊ घ्यायला बाहेर जातात, साडेतीन मिनिटं कशाला, चाळीस सेकंदांत उरका, असं त्याने दहादा म्हटलं होतं. गेल्या शुक्रवारी तो मास्तरांच्या कार्यशाळेतही गेला होता, आणि हातात टॉर्च होता.

दिग्दर्शकाने काही लपवलं नाही. जिन्यातला दिवा गेला होता म्हणून टॉर्च, म्हणाला. डार्करूमचं दार आतून बंद होतं, म्हणून तो बाहेरूनच परतला. टायटल्स आपल्याला नको होती हे खरं, पण मास्तरांचं नाव पोस्टरवर आपल्याही वर आहे आणि त्या नावावर चित्रपट विकला जातो, मग त्यांचं रीळ जाळून आपण आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ, हा त्याचा सवाल होता.

"खरं सांगू का मॅडम," तो म्हणाला, "हल्ली त्यांचं पाणी मला फार निळं वाटतं. मागच्या तीन चित्रपटांत वाढतच चाललंय. पण सगळे वाहवा करतात, मासिकं लिहितात, दुसरे नक्कल करतात. मग मी मूग गिळून बसतो."

निघताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. महिन्यापूर्वी कार्यशाळेत सासरा-सुनेचं कडाक्याचं भांडण झालेलं त्याने दाराबाहेरून ऐकलं होतं. कशावरून ते कळलं नव्हतं, पण अंदाज कोणीही बांधला असता. सूनबाई अकरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली राबत होती आणि एकाही चित्रपटाच्या नामावलीत तिचं नाव आलं नव्हतं. या चित्रपटात पहिल्यांदाच येणार होतं.

"येणार होतं ना?" मोजपट्टीने विचारलं. "मग ती ते रीळ का बिघडवेल?"

दिग्दर्शकाने खांदे उडवले. "भांडणानंतर मास्तरांनी नाव काढून टाकलं असेल तर?"

३

कार्यशाळा एका जुन्या गोदामाच्या माळ्यावर होती. मधोमध काचेची टाकी, तिच्यावर उलटा टांगलेला कॅमेरा, बाजूच्या फळीवर शाईच्या बाटल्या. बाटल्यांवर चिकटवलेल्या कागदांवर रंगांची नावं होती, आणि अक्षर एवढं मोठं, की मोजपट्टीला ती जिन्यातूनच वाचता आली.

मास्तर टाकीपाशी बसून जुन्या चित्रपटाची एक प्रिंट गुंडाळत होते. बोलता बोलता त्यांचा उजवा हात फिरत होता, ठरावीक अंतराने थांबत होता, डाव्या हाताचं बोट फिल्मची कड चाचपत होतं, की पुन्हा फिरणं सुरू. सुनेवर आळ आलाय याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण गुंडाळलं कोणी हे आठवत नाही, असं ते म्हणत होते. शुक्रवारी आपणच गुंडाळलं असं वाटतं, पण फुली तर तिची आहे, मग तिनेच केलं असेल. वयाबरोबर दिवसांची गल्लत होते.

मोजपट्टीने नामावलीचा विषय काढला. सुनेचं नाव खरंच घातलं होतं का?

"घातलं म्हणजे काय, मीच कोरलं काचेवर," मास्तर म्हणाले. "माझ्यानंतर लगेच. हे बघ, चित्रपटात हेर पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं बोलतो. ते त्याचं कामच. खरं काय ते आधीच सांगून टाकायचं असतं, आणि ते फक्त टायटल सांगतं. लोक तेव्हा खुर्ची शोधत असतात, ती गोष्ट वेगळी. पण तिथे एक खोटं नाव चालत नाही, एक खरं नाव राहून चालत नाही. अकरा वर्षं मी ते चालवलं."

सूनबाई चहा घेऊन आली. मास्तरांचा हात धरून तिने कप त्यांच्या बोटांत दिला आणि "बाबा, हिरवी बाटली उजवीकडे ठेवलीय" असं सहज सांगून गेली. तिच्यामागोमाग मोजपट्टी जिन्यात गेली. वहिनी, शुक्रवारी तुम्हीच गुंडाळलंत का, असं तिने थेट विचारलं. सूनबाई हो म्हणाली. डार्करूममध्ये काही वेगळं दिसलं का? नाही म्हणाली. गेल्या गुरुवारी वायरमनने तिथलं हवा कोरडी ठेवणारं यंत्र बदलल्याचं खालच्या रखवालदाराच्या वहीत लिहिलंय, त्याला दिवाबिवा आहे का?

सूनबाई एक पायरी खाली उतरली.

"आहे. बारीकसा. मी त्याच दिवशी काळी पट्टी चिकटवली त्याच्यावर."

"कुठल्या रंगाचा?"

"ते तू का विचारतेयस?" सूनबाई म्हणाली, आणि ट्रे घेऊन खाली उतरून गेली.

४

माळ्याच्या भिंतीवर मास्तरांच्या चाचणीपट्ट्या वर्षांच्या क्रमाने टांगलेल्या होत्या. जाता जाता मोजपट्टीने त्या पाहून घेतल्या. जुन्या पट्ट्यांतलं पाणी पाण्यासारखंच होतं, किंचित करडं. सहा वर्षांपूर्वी ते निळसर झालं, चार वर्षांपूर्वी निळं आणि शेवटच्या पट्टीत तर दौत ओतल्यासारखं. हाच तो मास्तरांचा प्रसिद्ध निळा.

दुपारी ती प्रयोगशाळेत परतली आणि निगेटिव्ह घेऊन घनता मोजायच्या यंत्रापाशी बसली. रंगीत निगेटिव्हवर तीन थर असतात. सगळ्यांत वरचा निळा उजेड टिपतो, मधला हिरवा, तळचा लाल. टॉर्च, बल्ब, खिडकीतलं ऊन, यांपैकी काहीही फिल्मवर पडलं असतं तर तिन्ही थर काळवंडले असते. इथे धुकं फक्त वरच्या थरात होतं. खालचे दोन थर कोरे करकरीत. म्हणजे उजेड निव्वळ निळा होता. दिग्दर्शकाचा टॉर्च सुटला.

दुसरी गोष्ट. कोणी डबा उघडला असता तर गुंडाळलेल्या रिळाचे बाहेरचे दोनचार वेढे खराब झाले असते आणि आतले वाचले असते. इथे तीनशे पंधरा फुटांपैकी एक फूटही वाचला नव्हता. फिल्म उलगडून, फुटाफुटाने त्या उजेडासमोरून गेली होती. असं फक्त गुंडाळताना होतं. पाचव्या फेरीच्या आधी, शुक्रवारी, नव्या यंत्राशेजारी. पट्टी गळून पडली असणार.

पण इथेच तिचं गाडं अडलं. मिट्ट काळोखात निळा ठिपका पेटलाय आणि गुंडाळणाऱ्याला तो दिसला नाही? दोन मिनिटांत डोळे सरावतात, मग तेवढ्या उजेडात आपली बोटंसुद्धा दिसतात. सूनबाईने तर स्वतःच त्यावर पट्टी लावली होती. घात करायचा असता तर तिला डबा उन्हात उघडून ठेवता आला असता. सगळं रीळ मन लावून गुंडाळायचे कष्ट कशाला?

तिने घनता पुन्हा मोजायला घेतली, या वेळी सलग, प्रत्येक फुटाला. आकडे आलेखकागदावर मांडले. रेघ सरळ चालली होती आणि मध्येच उंच उडी मारत होती. पहिली उडी पन्नास फुटांवर. दुसरी शंभरावर. मग दीडशेवर. एकूण सहा उड्या, सहाही पन्नासाच्या अंतराने. तेवढ्या जागी फिल्म त्या उजेडात थबकली होती. सूनबाई गुंडाळताना फूट मोजणारं चाक लावते, तिला थांबावं लागत नाही.

असाच ठरावीक अंतराने थांबून बोटाने कड चाचपणारा हात मोजपट्टीने आजच पाहिला होता.

तिने पेन्सिल खाली ठेवली. उत्तर बरोबर आल्यावर तिला एरवी फार बरं वाटत असे.

५

गुरुवारी सकाळी सूनबाईने आधी सगळं नाकारलं, मग आलेखाकडे बघत राहिली, मग जिन्यातच बसली.

मास्तरांचा एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकून तपकिरी झाला होता. पिवळ्या काचेतून निळं जसं मरतं तसं त्यांच्या डोळ्यात निळं मरत होतं, म्हणून ते टाकीत आणखी निळं ओतत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. डॉक्टर शस्त्रक्रिया करायला तयार होते, पण आतला पडदाही दुबळा आहे, नजर येईल किंवा आहे तीही जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. महिन्यापूर्वीचं भांडण त्यावरूनच. एवढा चित्रपट होऊ दे, म्हणून मास्तर अडून बसले. शुक्रवारी सूनबाई त्यांना न सांगता त्याच डॉक्टरांकडे गेली होती. शनिवारी डार्करूममध्ये आली तर पट्टी जमिनीवर आणि टेबलावर निळा उजेड. काल रीळ गुंडाळलंत का, तिने विचारलं. हो, ते अभिमानाने म्हणाले, एकट्याने. तक्त्यावर खूण करायला मात्र विसरले होते.

"मग मी फुली मारली," सूनबाई म्हणाली. "वाटलं, एखाद वेळी काही झालंही नसेल. तू हे लिहू नकोस. त्यांना कळलं तर ते उद्यापासून टाकीपाशी बसणार नाहीत."

"आणि नाही लिहिलं तर तुम्ही बसणार नाही. कुठेच."

"माझं वय चौतीस आहे. मी शिवणकाम करीन."

मोजपट्टीला हे पटेना. आळ चुकीच्या माणसावर आणि तोही एका आकड्याच्या जोरावर पुसता येण्यासारखा. पण मास्तरांना न विचारता त्यांच्या डोळ्यांबद्दल लिहिणंही तिच्या जिवावर आलं. शेवटी दुपारी ती त्यांना घेऊन डार्करूममध्ये गेली आणि दार लावलं. एक चाचणी करायची आहे, एवढंच सांगितलं. यंत्रावरची पट्टी तिने नखाने सोडवली आणि गप्प उभी राहिली.

हळूहळू टेबल दिसू लागलं. मग गुंडाळायची दांडी, मग मास्तरांचे पांढरे केस, मांडीवर ठेवलेली त्यांची लांब बोटं, सगळं निळं. ते सरळ यंत्राकडे तोंड करून बसले होते.

"काय ते कर बाई लवकर," मास्तर म्हणाले. "लाव दिवा."

मोजपट्टीने निळ्या ठिपक्याकडे पाहिलं.

"लाव ना."

"लागलाय, मास्तर."

त्यांनी उजवा हात उचलून तोंडासमोर धरला, जवळ नेला, लांब नेला.

"पूर्ण रीळ?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण."

"आणि ती फुली तिने..." ते थांबले. मग भिंतीला धरून उठले. "चल. त्या व्यवस्थापकाकडे ने मला. तिचं कार्ड जाता कामा नये."

६

व्यवस्थापकाने मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मोजपट्टीने आलेख मांडला, तीन थर समजावले, सहा उड्या दाखवल्या. तो कुठेही अडला नाही. सगळं समजलं, म्हणाला. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून त्याने त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. सुनेची काळजी करू नका, मी बघतो, तिचं नावही येईल, असं सांगितलं. मास्तरांनी त्याचे दोन्ही हात धरले.

परत आल्यावर त्याने आलेखाची घडी घातली.

पुढच्या दोन चित्रपटांची घोषणा मास्तरांच्या नावावर झालेली आहे, त्याने समजावलं. टायटल करणारा आंधळा आहे हे कागदावर आलं तर मागच्या तीन चित्रपटांचाही तमाशा होईल. आणि कागदावर काय आहे? फुली. ती सूनबाईने स्वतः मारली, आणि आज सकाळीच त्याने तिला विचारलं तेव्हा ती खरी आहे असं लिहूनही दिलं.

"पण हे खोटं आहे," मोजपट्टी म्हणाली. "मी मोजलंय."

"तुम्ही बरोबर मोजलंय. मी कुठे नाही म्हणतोय?"

तिचा अहवाल तीन पानांचा होता. शुक्रवारी अकरा वाजता साहेबांनी त्याच्या चार ओळी केल्या: धुण्यात दोष नाही, निगेटिव्ह गुंडाळताना प्रकाश लागला, गुंडाळणी कोणी केली ते तक्त्यावर नमूद आहे, सोबत तक्ता. तिने सही करायला नकार दिला. साहेब रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि स्वतः सही केली.

बाराला पाच कमी असताना ती सूनबाईला शोधत माळ्यावर गेली. सूनबाई बाटल्यांवरचे कागद नव्याने चिकटवत होती, आणखी मोठ्या अक्षरात. कार्डाचं तिला कळलं होतं. तिने एकच गोष्ट मागितली: बाबांना वाटतंय तसंच वाटू दे. चित्रपट लागल्यानंतरच्या सोमवारी ते शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायला तयार झाले होते, पण चित्रपट बघून मगच, या अटीवर.

मोजपट्टीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आपण सगळं शोधून काढलं आणि त्यातून एकाही माणसाचं काहीही हललं नाही, हे तिला कुठल्याच मापात बसवता येत नव्हतं.

७

चित्रपट लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला तिघं गेले. मास्तर मध्ये, एका बाजूला सूनबाई, दुसऱ्या बाजूला मोजपट्टी.

दिवे गेले. टायटल्स सुरू झाली. काळ्या पडद्यावर साधी पांढरी अक्षरं, दोन दिवसांत कोणीतरी घाईने टाइप करून टिपलेली. एकामागून एक नावं येत आणि जात होती. माणसं पाय तुडवत आपापल्या जागी जात होती, मागे कोणीतरी पुडी फोडत होतं. मास्तर पुढे वाकले होते. त्यांना पडद्यावर पांढरे डाग दिसत असावेत, त्यापलीकडे काही नाही. सूनबाई त्यांच्या कानाशी एकेक नाव वाचत होती.

मास्तरांचं नाव आलं. तिने ते वाचलं. त्यांनी मान हलवली आणि तिच्या हातावर हात ठेवला. पुढचं नाव ध्वनिमुद्रकाचं होतं. सूनबाईने ते वाचलं नाही. तिने स्वतःचं नाव वाचलं, हळू आवाजात, पूर्ण.

मास्तर मोजपट्टीकडे वळले. सून आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीही बोलेल, हे आता त्यांना ठाऊक होतं.

"मोजपट्टी," ते कुजबुजले. "आलं का गं तिचं नाव?"

पडद्यावर ध्वनिमुद्रकाचं नाव गेलं आणि वेशभूषाकाराचं आलं. सूनबाई समोर बघत होती.

"आलं," मोजपट्टी म्हणाली.

"किती वेळ राहिलं?"

"चार सेकंद."

मास्तर मागे टेकून बसले.

"चार पुरतात," ते म्हणाले. "तेवढ्यात वाचून होतं."